पीडीबी: मेटलवाल्या एन्झाइमवर काम करणाऱ्यांसाठी फुकटातली सगळ्यात भारी सोय, फक्त मेटलचं नाव स्वतः तपासा

रिव्ह्यू प्रोटीन डेटा बँकेचा आहे, म्हणजे पीडीबीचा, जिथे प्रोटीन्सची स्ट्रक्चर, म्हणजे कुठला अणू कुठे आहे ते, जमा करून ठेवतात, आणि त्यातही मी जास्त वापरते त्या आरसीएसबी या अमेरिकेतल्या गटाच्या साइटचा. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं, परीक्षेत टीप लिहा म्हणून येतं, १९७१ ला अमेरिकेत ब्रुकहेवनला सुरू झाली, सुरुवातीला फक्त ७ स्ट्रक्चर होती, आता दोन लाखांच्या वर गेली, एवढं लिहिलं की मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण रोजच्या कामात ती वापरायची कशी, कुठे डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचं, यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. मी एमएस्सीच्या मुलांना एन्झाइम शिकवते आणि माझा स्वतःचा जीव मेटलोएन्झाइममध्ये अडकलेला आहे, म्हणजे ज्यांच्या पोटात लोखंड, तांबं, झिंक, निकेल असं काहीतरी असतं आणि ते काढलं तर एन्झाइम बंद पडतं अशी एन्झाइम्स, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच बाजूने लिहितेय.

पहिलं म्हणजे पैसे. शून्य. लॉगिन नाही, ईमेल मागत नाहीत, कॉलेजचं सबस्क्रिप्शन लागत नाही, डाउनलोडला मर्यादा घालून मग प्रीमियम घ्या असला प्रकार नाही. डेटावर कॉपीराइटची अडचण पण नाही, कोणीही कशासाठीही वापरू शकतो. जर्नलचा एकेक पेपर उघडायला किती डॉलर मागतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल. पेपर बंद असला तरी त्या पेपरातलं स्ट्रक्चर इथे उघडं असतं, एकेका अणूच्या जागेसकट. दर बुधवारी नवीन स्ट्रक्चर येतात, आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाचला, आणि मी ती यादी बघतेच बघते.

आता मी ही साइट सगळ्यात जास्त कशासाठी वापरते ते सांगते, कारण हा उपयोग मला कुठल्याच ट्युटोरियलमध्ये सापडला नाही. वरच्या सर्च बॉक्समध्ये प्रोटीनचं नाव टाकण्याऐवजी शास्त्रज्ञाचं नाव टाकायचं, सुचवण्यांमधून ऑथरवाला पर्याय निवडायचा आणि निकाल जुन्याकडून नव्याकडे लावायचे. एका माणसाची अख्खी करिअर समोर उलगडते. बायोडेटामध्ये काय मिळतं, पदवी, पद, पुरस्कार. इथे काय मिळतं तर त्या माणसाने कुठल्या वर्षी कुठला अणू कुठे आहे असं मानलं होतं ते.

मी मुलांना यासाठी एमी रोझेनझ्वाइग यांचं नाव टाकायला लावते. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, २००३ ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आणि जवळपास सगळं काम एका प्रश्नाभोवती की बॅक्टेरिया मिथेनचं मिथेनॉल कसं करतात. हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बॉंड तोडायला मोलमागे साधारण १०५ किलोकॅलरी लागतात, कारखान्यात हेच करायचं तर मोठं तापमान, मोठं प्रेशर, आणि एक बॅक्टेरिया हेच काम ४५ डिग्रीला आरामात करतो. त्याचं नाव मिथायलोकॉकस कॅप्सुलेटस बाथ, यातलं बाथ म्हणजे इंग्लंडमधलं बाथ गाव, तिथल्या रोमन काळातल्या गरम पाण्याच्या कुंडातून हा स्ट्रेन मिळाला. आणि हे प्रकरण आपल्यापासून लांबचं अजिबात नाही, भाताच्या खाचरात पाणी साठलं की चिखलात मिथेन तयार होतो आणि त्यातला बराचसा वर यायच्या आधी हेच मिथेन खाणारे बॅक्टेरिया संपवतात, पुण्यात आघारकर संस्थेत आपल्याकडच्या भातशेतीतल्या अशा बॅक्टेरियांवर चांगलं काम झालंय.

तर या बॅक्टेरियाकडे दोन वेगवेगळी एन्झाइम्स आहेत. आजूबाजूला तांबं कमी असलं तर तो लोखंडवालं वापरतो, ते पाण्यात विरघळणारं, एसएमएमओ (एमएमओ म्हणजे मिथेन मोनोऑक्सिजनेज). तांबं मिळालं की तांब्यावर चालणारं, मेंब्रेनमध्ये म्हणजे पेशीच्या पडद्यात रुतलेलं पीएमएमओ. यादीत अगदी वरची, सगळ्यात जुनी एंट्री बघा, कोड १-एम-एम-ओ, १९९३ ची. तेव्हा रोझेनझ्वाइग एमआयटीला स्टीफन लिपर्ड यांच्याकडे पीएचडी करत होत्या. रेझोल्यूशन, म्हणजे किती बारीक दिसतं ते, २.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आकडा जितका लहान तितकं स्पष्ट), आत दोन लोखंडाचे अणू शेजारी शेजारी, त्यांना धरून चार ग्लुटामेट आणि दोन हिस्टिडीन ही अमिनो ॲसिड. आज ब्राउझरमध्ये दोन क्लिकमध्ये दिसतं आणि मुलं पटकन पुढे जातात, मी त्यांना थांबवते, कारण अडीचशे किलोडाल्टनच्या त्या प्रोटीनमध्ये ते दोन अणू कुठे आहेत हे बघायला त्याआधी कोणाकडेच काही नव्हतं.

मग मधे यादीत एकदम लहान लहान प्रोटीन्स दिसायला लागतात, १९९९-२००० च्या आसपासची, ही कॉपर शॅपरोन. पेशीच्या आत मोकळं तांबं फिरू देणं परवडत नाही, ते नुकसान करतं, म्हणून ही प्रोटीन्स तांब्याचा एकेक अणू हातात धरून जिथे हवा तिथे पोचवतात. यीस्टमधलं एटीएक्स१, त्याचं स्ट्रक्चर १.०२ अँगस्ट्रॉमपर्यंत गेलं, आणि माणसातलं एचएएच१, जे विल्सन आणि मेंकेस या तांब्याच्या बिघाडाच्या आजारांशी संबंधित प्रोटीन्सना तांबं देतं. इथे एक गोष्ट नक्की बघा. काही एंट्रींमध्ये तांब्याच्या जागी मर्क्युरी किंवा कॅडमियम बसलेला दिसेल. नवीन मुलं घाबरतात, प्रोटीनमध्ये पारा कसा? तो मुद्दाम घातलेला असतो, एक-प्लसवालं तांबं हवेत टिकवणं अवघड म्हणून त्याच्यासारखा वागणारा दुसरा मेटल वापरतात. पण एंट्रीच्या नावावरून हे कळेलच असं नाही, पेपर वाचावा लागतो. या साइटबद्दलचा माझा मुख्य मुद्दा इथूनच सुरू होतो.

आता २००५ वर या. एंट्री १-वाय-ई-डब्ल्यू. मेंब्रेनमधल्या पीएमएमओचं पहिलं क्रिस्टल स्ट्रक्चर (म्हणजे प्रोटीनचे स्फटिक करून त्यावर एक्स-रे टाकून काढलेलं), राकेल लीबरमन आणि रोझेनझ्वाइग, नेचरमध्ये आलेलं, २.८ अँगस्ट्रॉम. पेज उघडलं की डावीकडे चित्र, खाली थ्रीडी व्ह्यूची लिंक, त्यातून मोलस्टार नावाचा व्ह्यूअर उघडतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मोठं सिलिंडर दिसतं, एकसारखे तीन भाग गोल लावलेले. आता बी सबयुनिटमध्ये (एन्झाइम ए, बी, सी अशा तुकड्यांचं आहे, त्यातल्या बीमध्ये) हिस्टिडीन ३३, १३७ आणि १३९ शोधा. या तिघांच्या मधे तांबं आहे, आणि २००५ च्या मॉडेलमध्ये इथे दोन तांबी मानली होती, एकमेकांपासून साधारण २.६ अँगस्ट्रॉमवर. मग सी सबयुनिटमध्ये जा, तिथे निळसर करड्या रंगाचा एक गोळा दिसेल, झिंक. एन्झाइमला झिंक लागतं का? नाही. ते झिंक क्रिस्टल बनवायच्या बफरमधून आलंय, म्हणजे बॅक्टेरियाच्या आत त्या जागी काय असतं हे हे चित्र सांगतच नाही. वर्गात एका मुलीने हे बघून विचारलं होतं, मॅडम मग हे झिंक यांनी फाइलमध्ये ठेवलंच कशाला. ठेवायलाच हवं, क्रिस्टलमध्ये जे दिसलं ते लिहायचं हाच नियम आहे, आणि ते लिहिलं म्हणूनच बाकीच्यांना प्रश्न विचारता आले.

आणि प्रश्न जोरात विचारले गेले. तैवानमधून सनी चॅन म्हणत होते की तीन तांब्यांचा गुच्छ आहे, कार्नेगी मेलनमधून म्युंक यांच्या गटाने मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीवरून, म्हणजे लोखंड ओळखायच्या पद्धतीवरून, सांगितलं की दोन लोखंड असावेत आणि ते झिंक बसलंय त्या जागी असावेत, २०१० ला रोझेनझ्वाइग यांच्याच लॅबमधून दोन तांब्यांच्या बाजूने पेपर आला. मग २०१८ ला स्वीडनमधल्या लुंडच्या उल्फ रीडे यांच्या गटाने पीएमएमओच्या क्रिस्टल स्ट्रक्चरचा डेटा घेऊन क्वांटम केमिस्ट्रीच्या मदतीने पुन्हा हिशोब केला आणि निघालं की दोन तांबी त्या डेटात नीट बसत नाहीत, एकच बसतं. त्या पेपरात सहलेखक म्हणून कोण आहे बघा, रोझेनझ्वाइग स्वतः. २०१९ ला सायन्समध्ये त्यांच्याच गटाने ईपीआर आणि एन्डॉर या स्पेक्ट्रोस्कोपीच्या पद्धती वापरून लिहिलं की पीएमएमओमध्ये फक्त एकेकटी तांबी आहेत, जोडी नाही. २०२२ ला क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी), एन्झाइमला डिटर्जंटऐवजी लिपिडच्या छोट्याशा चकतीत, नॅनोडिस्कमध्ये, ठेवून, आणि मग सी सबयुनिटचा जो पंचवीसेक अमिनो ॲसिडचा तुकडा क्रिस्टलमध्ये कधी दिसलाच नव्हता तो दिसला आणि त्याच्याजवळ तांब्याची एक नवीनच जागा सापडली. डिटर्जंटमध्ये गेलेली ॲक्टिव्हिटी लिपिडमध्ये परत आली.

मला या सगळ्यात मनापासून आदर वाटतो तो याचा की १-वाय-ई-डब्ल्यू अजून तिथेच आहे. कोणी गुपचूप पुसलं नाही. २००५ ला काय मानलं, नंतर काय बदललं, दोन्ही शेजारी ठेवून मुलांना दाखवता येतं. मोठ्या शास्त्रज्ञाने आपलंच मॉडेल भर जर्नलमध्ये बदलणं हे पाठ्यपुस्तकात कधी दिसत नाही, तिथे शेवटचं उत्तर तेवढं छापतात, आणि मग मुलांना वाटतं संशोधन म्हणजे एकदा बरोबर उत्तर काढायचं आणि निवृत्त व्हायचं. आणि रीडेंचा तो हिशोब शक्य कशामुळे झाला, तर डेटा बँकेत जमा होता म्हणून. एक्स-रेचा मूळ डेटा, स्ट्रक्चर फॅक्टर्स म्हणतात त्याला, तो जमा करणं २००८ पासून सक्तीचं आहे, पीडीबीने घेतलेल्या निर्णयांपैकी हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता तक्रारीचं. पान इतकं स्वच्छ, इतकं रंगीत आहे की बघणाऱ्याला वाटतं ते मेटल तिथे मोजलंय. तसं नेहमी नसतं. एक्स-रेला दिसतात इलेक्ट्रॉन. तांब्याचा अणुक्रमांक २९, झिंकचा ३०. एका इलेक्ट्रॉनचा फरक, आणि तो २.८ अँगस्ट्रॉमच्या नकाशात ओळखणं अशक्य. तिथे काय आहे हे नक्की सांगायचं तर एक्स-रेची एनर्जी त्या त्या मेटलच्या एजच्या (ज्या एनर्जीला ते एकदम जास्त एक्स-रे शोषतं तिच्या) वरखाली नेऊन अनॉमलस डेटा घ्यावा लागतो, लोखंडाची एज ७.११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, तांब्याची ८.९८ ला, झिंकची ९.६६ ला, एवढ्या लांब आहेत की केलं तर खात्रीने कळतं. पण प्रत्येकाने केलेलं नसतं. कोणी पेपरवर विसंबून मेटल लिहितो, कोणी बफरमध्ये होतं म्हणून लिहितो, आणि एंट्रीच्या पानावर या तिन्हींचा गोळा सारखाच सुंदर दिसतो. हे वेगळं कळायला हवं, पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात.

दुसरं नावाचं. फाइलमध्ये सीयू असा कोड असला की साइट दाखवते कॉपर टू आयन, एफई असला की आयर्न थ्री. वाचणाऱ्याला वाटतं ऑक्सिडेशन स्टेट, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावलेत ते, ठरलेली आहे. ती कोडसोबत येते, प्रयोगातून आलेली असेलच असं नाही. उलट एक्स-रेच्या बीममध्येच कित्येक मेटल रिड्यूस होतात, म्हणजे टू घेऊन गेलेलं तांबं डेटा घेईपर्यंत वन झालेलं असू शकतं. नेट-सेटच्या तयारीत पोरं ही नावं बघून ऑक्सिडेशन स्टेट पाठ करतात, कृपा करून करू नका.

बरं, तपासायचं कसं हे पण साइटवरच आहे, म्हणून तर मी एवढे मार्क देतेय. प्रत्येक एंट्रीवर लाल-निळ्या पट्ट्यांचा एक आलेख असतो, तिथून पूर्ण व्हॅलिडेशन रिपोर्ट उघडतो. त्यात रामचंद्रन आउटलायर्सची, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या संशयास्पद वळणांची, एक पट्टी आहे, जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासला बसून काढलेला आलेख आज जगातल्या प्रत्येक नव्या प्रोटीन स्ट्रक्चरची परीक्षा घेतो, दरवेळी ती पट्टी बघितली की मला छान वाटतं. मात्र मेटलसाठी या पट्ट्या पुरत नाहीत, प्रोटीनची घडण उत्तम असूनही मेटल चुकीचं असू शकतं. त्यासाठी एक्सपेरिमेंट टॅब उघडा, क्रिस्टल कशात वाढवलं ते तिथे असतं, झिंक ॲसिटेट किंवा कॅडमियम वगैरे दिसलं तर सावध व्हा. मग इलेक्ट्रॉन डेन्सिटी उघडून मेटलवर क्लिक करा, निळी जाळी गोळ्याला नीट वेढतेय का, शेजारी हिरवी किंवा लाल जाळी उरलीय का. लाल म्हणजे मॉडेलमध्ये जास्त इलेक्ट्रॉन लिहिलेत, हिरवी म्हणजे कमी. बी फॅक्टर, म्हणजे अणूची जागा किती धूसर आहे त्याचा आकडा, आजूबाजूच्या हिस्टिडीनपेक्षा फारच मोठा असेल तर तिथे मेटल अर्धवट भरलंय किंवा वेगळंच आहे. आणि अंतरं मोजा, झिंक ते हिस्टिडीनचा नायट्रोजन २ ते २.१ च्या आसपास हवा, २.६ दिसला तर प्रश्न विचारा. एवढं करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

ज्यांना हे हाताने करायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी दोन बाहेरच्या फुकट सोयी आहेत, चेकमायमेटल नावाचा सर्व्हर, एंट्रीचा कोड टाकला की अंतरं, भूमिती, बी फॅक्टर सगळं तपासून रंगांमध्ये सांगतो आणि दुसरं कुठलं मेटल बसेल हेही सुचवतो, आणि इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या गटाचं मेटलपीडीबी, तिथे मेटलच्या जागांचीच वेगळी यादी आहे. माझं मत विचाराल तर चेकमायमेटलसारखी तपासणी पीडीबीच्या पहिल्या पानावरच असायला हवी.

आता बरेच जण विचारतील अल्फाफोल्ड, म्हणजे प्रोटीनच्या स्ट्रक्चरचा अंदाज बांधणारं एआय, असताना पीडीबी कशाला. अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये २० कोटींच्या वर मॉडेल्स आहेत, पण त्या मॉडेल्समध्ये मेटलच नाही. गंमत म्हणजे हिस्टिडीन, सिस्टीन पुष्कळदा बरोब्बर मेटल धरायच्या पोझमध्ये येतात आणि मधे रिकामी जागा. २०२४ च्या अल्फाफोल्ड ३ मध्ये आयन घालता येतात, पण कुठला आयन घालायचा हे तुम्ही सांगायचं, म्हणजे मूळ प्रश्न तुमच्याकडेच राहिला. शिवाय ते सगळं शिकलं कशावरून, याच पीडीबीवरून, ५० वर्षं लोकांनी जमा केलेल्या स्ट्रक्चरवरून.

कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर मोठी स्ट्रक्चर उघडताना रॅम पुरत नाही, तेव्हा पूर्ण असेंब्लीऐवजी फक्त लिगॅंडजवळचा (प्रोटीनला चिकटलेल्या मेटलजवळचा किंवा लहान रेणूजवळचा) भाग उघडा, काम होतं. मोबाइलवर माहिती वाचायला ठीक, थ्रीडीसाठी लॅपटॉपच घ्या. अगदी नवख्या माणसाने डेव्हिड गुडसेल यांनी २००० साली सुरू केलेलं दर महिन्याला एका रेणूचं सदर आधी वाचावं, त्यातली बहुतेक चित्रं त्यांच्या हातची आहेत आणि भाषा सोपी आहे, कार्बॉनिक अनहायड्रेज आणि नायट्रोजिनेज (हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारं एन्झाइम) हे दोन तर बारावीच्या मुलालाही समजतील.

माझे मार्क पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मेटलच्या नावांसाठी, तेवढं सुधारलं की पाच.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी रोझेनझ्वाइग यांच्यापासून करा किंवा नायट्रोजिनेजवाले डग्लस रीस घ्या. त्यांच्या यादीत १९९२ च्या सुमाराची स्ट्रक्चर आहेत, ज्यात लोखंड-मॉलिब्डेनमच्या पिंजऱ्याचा मधला भाग रिकामा आहे, मग २००२ चं १.१६ अँगस्ट्रॉमचं, ज्यात मधे एक हलका अणू दिसला पण कुठला ते ठरेना, आणि मग २०११ चं, १ अँगस्ट्रॉमचं, ज्यात तो कार्बन निघाला. तिन्ही एकाच खिडकीत एकावर एक ठेवून बघा, मोलस्टारमध्ये तशी सोय आहे, आणि ज्यात मधला अणू आहे त्यात त्यावर क्लिक करून काय लिहिलंय ते वाचा.